‘व्हील ऑफ टाइम’चा दहावा भाग: अपेक्षाभंग नेमका कशामुळे? (स्पॉयलर आहेत)

प्रतापनगर_वाचक

रॉबर्ट जॉर्डनच्या ‘द व्हील ऑफ टाइम’वर इथे अधूनमधून लिहिलं जातं, पण दहाव्या भागावर, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’वर, वेगळा धागा दिसला नाही. आमचा छोटा गट रविवारी सकाळी नागपूरच्या धरमपेठेत ट्रॅफिक पार्कजवळ जमतो. मागच्या बैठकीत याच पुस्तकावरून पोहे गार होईपर्यंत वाद झाला आणि तरी माझं समाधान झालं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. दहाव्या भागापर्यंतचं सगळं उघड होईल, ज्यांचं वाचन चालू आहे त्यांनी पुढे जाऊ नये.

‘फार संथ आहे’ हे या पुस्तकाबद्दलचं ठरलेलं मत. मला ते अपुरं वाटतं. संथपणा या मालिकेत पहिल्यापासून आहे. जॉर्डन एखाद्या खानावळीत शिरला की चुलीवर काय शिजतंय, मालकिणीच्या ॲप्रनला कुठली किनार आहे, कोपऱ्यात कोण बसलंय, सगळं सांगतो, आणि ते आपण आवडीनं वाचत आलो.

चौथा भाग आठवा, ‘द शॅडो रायझिंग’, १९९२. मालिकेचा नायक रँड रुइडियन शहरातल्या काचेच्या खांबांमधून चालत जातो आणि एकेका पावलागणिक एकेका पूर्वजाच्या डोळ्यांनी मागचा काळ बघतो. मुख्य कथा तिथे पूर्ण थांबलेली असते. काळ चक्क उलटा चालतो. तरीही माझ्या मते साऱ्या मालिकेतली ती सर्वांत थरारक प्रकरणं आहेत, कारण प्रत्येक पावलाला एइल लोकांबद्दलची आपली समजूत ढासळते. ज्यांना आपण हाडाचे लढवय्ये म्हणून ओळखलं, त्यांचे पूर्वज हिंसा न करण्याच्या व्रताशी बांधलेले होते, हे कळतं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसावं लागतं.

आता नववा भाग, ‘विंटर्स हार्ट’, २०००. शेवटी रँड आणि त्याच्या गावची नायनीव मिळून सैदीनवरचा, म्हणजे पुरुषांच्या जादूच्या शक्तीवरचा, कलंक धुऊन काढतात. तीन हजारांहून जास्त वर्षं ज्या शक्तीनं पुरुषांना वेड लावलं, ती शुद्ध होते. पहिल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच आपण त्या वेडानं स्वतःच्या घरादाराचा संहार केलेला माणूस पाहिला होता. म्हणजे मालिकेच्या पहिल्या पानापासून जे भय मानेवर बसलं होतं, ते इथे उतरतं. यापेक्षा मोठं काय घडायचं?

आणि मग जानेवारी २००३ मध्ये दहावा भाग येतो. बाकीच्या मुख्य पात्रांपैकी पेरिन त्याच्या छावणीत आहे, एग्वेन तिच्या, गादीवर हक्क सांगणारी एलेन केमलिनच्या राजवाड्यात, मॅट सर्कशीच्या गाड्यांबरोबर. जिथे जिथे शक्ती जाणणारं कुणी आहे तिथे एकच चर्चा: दूर कुठेतरी काहीतरी प्रचंड चाललंय. काय, ते त्यांना माहीत नाही. आपल्याला माहीत आहे. पुस्तकाचा बराच भाग नवव्याच्या शेवटाच्याच काळात घडतो. ज्याची खबर हवी तो रँड पार शेवटाकडे थोडासा दिसतो. त्या शुद्धीनंतर अशामान, म्हणजे ती शक्ती वापरणारे पुरुष, काय करतात, व्हाइट टॉवर हे जादू करणाऱ्या स्त्रियांचं केंद्र काय करतं, पुरुषांना वाटणारी भीती आणि पुरुषांची वाटणारी भीती कशी बदलते, या प्रश्नांसाठी आपण आतुर असतो आणि शेकडो पानं आपल्याला जुनी बातमी पहिल्यांदा ऐकणाऱ्यांच्या शेजारी बसावं लागतं.

चौथ्या भागात काळ मागे गेला तेव्हा वाचकाला पात्रांपेक्षा जास्त मिळालं. दहाव्यात काळ थांबला तेव्हा वाचकाकडे असलेलंच पुन्हा त्याच्या हातात ठेवलं गेलं. माझा अपेक्षाभंग इथे आहे. पानं जास्त झाली किंवा लढाया कमी झाल्या, याचं मला काहीच वाटलं नाही.

ज्यांनी सलग वाचलं आणि ज्यांनी वर्षानुवर्षं थांबून वाचलं, दोघांचंही ऐकायचं आहे.

वाचनवेडी_खामला

दादा, मुद्दा पटला, पण पेरिनच्या बाबतीत नाही. तुम्ही सगळं पुस्तक एका पारड्यात टाकलंत.

पहिल्या पुस्तकात, १९९० मध्ये, रानात भेटलेला एलायस पेरिनला सांगतो की कुऱ्हाड वापरायचा जोवर तिटकारा वाटतो तोवर ती जवळ ठेव, तिटकारा संपला की फेकून दे. दहाव्या भागात फाइलच्या, म्हणजे पळवून नेलेल्या बायकोच्या, शोधात वेडापिसा झालेला पेरिन एका कैद्याचा हात त्याच कुऱ्हाडीनं तोडतो. त्याला उत्तरं हवी असतात. आणि मग तो ती कुऱ्हाड टाकून निघून जातो. तेरा वर्षांपूर्वी पेरलेलं वाक्य इथे उगवतं. हे प्रकरण वाचताना माझे हात थंड पडले होते. ज्यानं प्रत्येक गोष्टीचा दहादा विचार करायचा तो माणूस प्रेमापोटी काय करून बसतो, हे याआधी इतकं जवळून मालिकेत कुठे आलंय?

त्याआधीचं सो हाबोर गाव घ्या. धान्यात किडे, रस्त्यावर मेलेल्यांची सावली, लोकांनी अंगाला पाणी लावणं सोडलेलं. सैन्याला धान्य लागतं म्हणून तेच धान्य पाखडून, निवडून घ्यावं लागतं. जग सडत चाललंय हे आधीच्या भागांत पात्रं एकमेकांना सांगत होती. इथे ते पोत्यातून बाहेर सांडतं.

एवढं असूनही पुस्तक एकूण निराश करतं, हे मी मान्य करते. पण माझं कारण वेगळं. फाइलचं अपहरण आठव्या भागाच्या शेवटी, १९९८ मध्ये. सुटका अकराव्यात, २००५ मध्ये. सात वर्षं एका माणसाला एकाच काळजीत ठेवलं की त्याची काळजी वाचकाच्या मनातून उतरते, ती कितीही खरी असली तरी.

कोराडी_रोड

मी ही मालिका २०२१ मध्ये टीव्हीवर पाहिली नं, तेव्हापासून वाचायला घेतली. चौदाही भाग फोनवर, रात्रपाळीत. त्यामुळे तुमची सगळ्यांची चिडचिड मला नीट समजत नव्हती. काहून एवढं बोलून राहिले लोक या भागाबद्दल, असं वाटायचं. माझ्यासाठी दहावा भाग म्हणजे नववा संपल्यावर त्याच रात्री उघडलेलं पुढचं ई-बुक. थोडा कंटाळा आला, एलेनच्या सरदार घराण्यांची नावं डोक्यावरून गेली, पण चार-पाच दिवसांत अकरावा सुरू झाला होता आणि तो तर तुफान आहे.

प्रतापनगर भाऊ, तुम्ही म्हणता तो काळ थांबल्याचा मुद्दा मलाही जाणवला. पण सलग वाचणाऱ्याला एक वेगळंच वाटतं. नवव्याचा शेवट एवढा मोठा आहे, की त्यानंतर सगळीकडची माणसं एका क्षणी मान वर करून बघतात, हे मला आवडलं. एवढ्या मोठ्या जगात एका जागी घडलेल्या गोष्टीचा धक्का सगळ्यांना बसतो. फक्त ते पन्नास पानांत व्हायला पाहिजे होतं.

जुनी_शुक्रवारी

मी थांबून वाचणाऱ्यांपैकी. माझ्या पिढीची बाजू मांडतो.

आमच्या वेळी हे जाडजूड पेपरबॅक नागपुरात सहज मिळत नसत. बर्डीच्या फूटपाथवर मधलाच एखादा भाग हाती लागायचा. नवीन आलेला मुंबई-पुण्याला जाणाऱ्या कुणाकडून तरी मागवायचा. एक प्रत पाच घरं फिरायची. मे महिन्यात दुपारी कूलरसमोर पडून वाचायचं, पानं ओलसर व्हायची. कुठला भाग कुणाकडे अडकलाय याचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ.

तारखा पाहा म्हणजे आमचा राग कळेल. पहिले दोन भाग एकाच वर्षी, १९९० मध्ये. मग १९९१, ९२, ९३, ९४, दर वर्षी एक. सातवा १९९६, आठवा १९९८, नववा २०००. दहाव्याला त्याहून जास्त वेळ लागला. सुरुवातीला लेखकाच्या मनात एवढा मोठा आवाका नव्हता, प्रकाशकाशी करार सहा पुस्तकांचा होता. पसारा वाढत गेला. आणि पसारा वाढला की एक साधा हिशेब आड येतो. मुख्य पात्रं पाच-सहा झाली, प्रत्येकाची वेगळी फौज, वेगळं शहर, वेगळे शत्रू. प्रत्येकाला दीड-दोनशे पानं दिली तरी पुस्तक भरतं, आणि दीड-दोनशे पानांत कुणीच फार लांब पोचत नाही. पाचव्या भागात पेरिन नाहीच, आठव्यात मॅट नाही. ते योग्य होतं, कारण एकाला गाळून दुसऱ्याला चालू दिलं. दहाव्यात सगळ्यांना थोडं थोडं दिलं आणि कुणालाच चालू दिलं नाही. माझ्या लेखी दहाव्याचा दोष हा आहे.

आणखी एक सांगतो, कारण नंतर आलेल्या वाचकांच्या वाट्याला ते आलं नाही. १६ सप्टेंबर २००७ ला जॉर्डन गेले. हृदयाचा दुर्मीळ आजार, अमायलॉइडोसिस. आदल्या वर्षीच त्यांनी स्वतः वाचकांना त्याबद्दल सांगितलं होतं आणि शेवटचं पुस्तक पुरं करण्याची जिद्द बोलून दाखवली होती. ती बातमी कळली त्या दिवशी माझ्या मनात पहिला विचार आला तो दहाव्या भागाचा. त्यातल्या स्नानगृहांच्या आणि चहाच्या वर्णनांवर आम्ही वर्षं चिडून होतो, ती आता त्या माणसाच्या उरलेल्या दिवसांतली पानं होती. पुस्तक त्यामुळे चांगलं ठरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्यानंतर मी त्याला कधी वाईट शब्द वापरला नाही.

प्रतापनगर_वाचक

काका, ‘कुणालाच चालू दिलं नाही’ हे माझ्या मुद्द्याच्या मुळाशी जातं. पाचव्यात पेरिन नसल्याची खंत मलाही होती, पण त्या पुस्तकात रँडची कथा धावते, म्हणून ती खंत गोड होती.

वाचनवेडी ताई, कुऱ्हाडीच्या प्रसंगाबद्दल पूर्ण सहमत. तो वगळून या पुस्तकाबद्दल बोलणं अन्यायाचं होईल.

रातराणी

थोडी वेगळ्या पुस्तकावरून बोलते, चालेल ना?

अर्सुला ले ग्विनची अर्थसी मालिका. पहिली तीन पुस्तकं १९६८ ते १९७२ मधली. मग अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, चौथं ‘तेहानू’. पहिल्या पुस्तकात गेड हा पोरसवदा जादूगार, तिसऱ्यात तो मृत्यूच्या प्रदेशात जाऊन जगाचं दार बंद करतो आणि आपली सारी शक्ती तिथे खर्चून टाकतो. चौथ्यात वाचक त्या महान जादूगाराला भेटायला येतो आणि त्याला दिसते तेनार, शेतावर राहणारी मध्यमवयीन विधवा, आणि तिनं सांभाळायला घेतलेली भाजलेली, अत्याचार झालेली लहान मुलगी. गेड येतो तो रिकामा होऊन, लाजेनं लपत. जादू जवळपास नाहीच. शेळ्या, चूल, रात्री दाराला लावलेली कडी, बाहेरच्या पुरुषांची भीती.

हे पुस्तक आलं तेव्हा खूप वाचक दुखावले. माझ्या मैत्रिणीही. त्यांना गेड गेडसारखा हवा होता. मला मात्र ते पुस्तक पहिल्या तिन्हीपेक्षा प्रिय आहे, कारण ते विचारतं की एवढी जादू असलेल्या जगात एका बाईच्या आणि एका पोरीच्या रक्षणाला कोण येतं. हा प्रश्न आधीच्या पुस्तकांनी कधी विचारलाच नव्हता.

म्हणून मला वाटतं, पुढच्या पुस्तकानं निराश केलं असं म्हणताना दोन गोष्टींची गल्लत होते. तेहानूमध्ये लेखिका अशा ठिकाणी गेली जिथे तिच्या वाचकांना यायचं नव्हतं. जॉर्डन दहाव्यात कुठेच गेला नाही. पहिल्या प्रकारच्या पुस्तकाशी मी भांडेन, दहा वर्षं भांडेन, पण ते टाकणार नाही. दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकाशी भांडायला काही उरत नाही.

मानेवाडा_मुक्काम

सगळ्यांचं वाचलं. एक शंका. आपल्याला थांबलेल्या कथेचं एवढं वावडं असेल तर शांतिपर्वाचं काय करायचं? युद्ध अठरा दिवसांत आटोपलं, आणि त्यानंतर महाभारतातलं सर्वांत मोठं पर्व सुरू होतं, ज्यात भीष्म शरपंजरी पडून बोलतात आणि युधिष्ठिर ऐकतो. तिथे घडत काहीच नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी ते चातुर्मासात श्रद्धेनं ऐकलं. कथा सतत पळतीच हवी, ही सवय आपल्याला अलीकडची मालिकांनी लावलीय, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

प्रतापनगर_वाचक

हा प्रश्न फार आवडला. रात्रभर डोक्यात होता.

शांतिपर्वात घटना नाहीत, हे खरं. पण त्याच्या सुरुवातीला काय आहे ते बघा. युधिष्ठिर जिंकलाय आणि त्याला राज्य नकोय. कर्ण आपला थोरला भाऊ होता हे त्याला नुकतंच कळलंय. तो म्हणतो, मी वनात जातो. भाऊ, द्रौपदी, व्यास, कृष्ण, सगळे समजावतात. भीष्मांचं बोलणं येतं ते या माणसाला सिंहासनावर बसण्याइतकं उभं करण्यासाठी. म्हणजे ते पर्व युद्धाच्या नंतरच्या प्रश्नाला भिडतं: एवढं मारल्यावर राज्य करायचं कसं? आणि वक्ता उत्तरायणाची वाट बघत मरणाला थोपवून धरतोय, त्यामुळे वेळही सरतोय.

आता कल्पना करा, की शल्यपर्वानंतर एक भलंमोठं पर्व असतं, ज्यात हस्तिनापूर, द्वारका, पांचाल, मत्स्य, एकेका ठिकाणचे लोक दुरून धूळ बघतात आणि कुरुक्षेत्रावर काय झालं असेल याची चर्चा करतात. चातुर्मासात ते कुणी ऐकलं असतं का? दहाव्या भागाकडे शांतिपर्व व्हायची संधी होती. शुद्ध झालेल्या सैदीनसमोर उभा असलेला, वेड लागायच्या भीतीवरच आयुष्य रचलेला एकेक पुरुष, त्याच्याशी कुणीतरी बोलणं. त्याला हजार पानं दिली असती तरी मी वाचली असती.

वाचनवेडी_खामला

हे पुस्तक मलाही हवं होतं. अशामानांच्या आतलं. एकाच्या नजरेतून तरी.

सदर_लायब्ररी

जॉर्ज मार्टिनच्या ‘साँग ऑफ आइस अँड फायर’चा चौथा भाग याच धाग्यात यायला हवा. तिसरा २००० मध्ये, चौथा ‘अ फीस्ट फॉर क्रोज’ २००५ मध्ये. मार्टिनना तिसऱ्यानंतर पाच वर्षांची उडी घ्यायची होती, मुलं मोठी व्हावीत म्हणून. लिहिताना जमेना, कारण मधल्या काळात घडलेलं सारखं मागे वळून सांगावं लागत होतं. मग उडी रद्द केली, मजकूर एका पुस्तकात मावेना, तेव्हा तो काळानुसार न तोडता पात्रांनुसार तोडला. टिरियन आणि डेनेरिस ही मुख्य पात्रं पाचव्यात गेली, आणि तो आला २०११ मध्ये. आणखी एक मुख्य पात्र, जॉन, चौथ्यात फक्त त्याचा मित्र सॅमच्या प्रकरणात दिसतो.

प्रतापनगर, तुमच्या सिद्धांताला हे बळ देतं असं मला वाटतं. दोन्ही मालिका ज्या ठिकाणी अडखळल्या ते ठिकाण एकच: मोठ्या धक्क्यानंतर सगळ्यांची घड्याळं जुळवायची कशी. मार्टिननी मात्र अर्ध्या पात्रांना पूर्ण पुस्तक दिलं, त्यामुळे चौथा भाग मला आवडतो. ब्रिएन या लढवय्या बाईची युद्धानं उजाडलेल्या गावांतली पायपीट, त्यात ती ज्या मुलीला शोधतेय ती तिला सापडणार नाही हे आपल्याला माहीत असतं. इथेही वाचकाला जास्त माहीत आहे! पण तिच्या वाटेवर भेटणारा प्रत्येक जण युद्धाबद्दल नवीन काहीतरी सांगतो, म्हणून चालून जातं.

प्रतापनगर_वाचक

ब्रिएनचं उदाहरण माझ्या मांडणीत दुरुस्ती करायला लावणारं आहे. वाचकाला जास्त माहीत असणं हा दोष नाही, बरोबर. वाटेत काही मिळत नसेल तर तो दोष होतो. सो हाबोर म्हणूनच टिकतं, तिथे पेरिनला फाइल मिळत नाही पण आपल्याला ते गाव मिळतं.

कोराडी_रोड

एक व्यवहाराचा प्रश्न. माझा मित्र आठव्या भागावर आहे आणि हा धागा वाचून घाबरून राहिला. त्याला काय सांगू? दहावा सोडून सारांश वाचायचा का?

जुनी_शुक्रवारी

सोडू नकोस म्हणावं. चार जागा जपून वाचायच्या: कुऱ्हाडीचं प्रकरण, सो हाबोर, मॅट आणि राजकन्या टुऑनचं एकमेकांना जोखणं, आणि शेवटी बंदराच्या साखळीवरची एग्वेन. तो शेवटचा प्रसंग सोडला तर पुढे टॉवरमध्ये कैदी एग्वेन जे करते त्याचं वजन कळणार नाही. बाकी एलेनच्या घराण्यांच्या वाटाघाटी भरभर चाळल्या तरी हरकत नाही, गादीचा निकाल अकराव्यातच लागतो.

रातराणी

मी तर म्हणेन, नववा संपल्यावर थोडं थांबून मग दहावा घ्यावा. लगेच घेतला तर शुद्धीची उत्कंठा ताजी असते आणि तीच पूर्ण होत नाही.

कोराडी_रोड

मला उलटं वाटतं ताई. मी लगेच घेतला म्हणूनच निभावलं. थांबला असता तर त्यानं पुन्हा उघडला नसता.

सदर_लायब्ररी

त्याला हेही सांगा की अकराव्यात, ‘नाइफ ऑफ ड्रीम्स’मध्ये, फाइल सुटते, एलेनला गादी मिळते, मॅटचं लग्न लागतं. जॉर्डननी स्वतः पूर्ण केलेलं मालिकेतलं ते शेवटचं पुस्तक. दहाव्यात बांधून ठेवलेल्या बहुतेक गाठी त्यांनी स्वतःच्या हातानं सोडवल्या. पुढचे तीन भाग त्यांच्या टिपणांवरून आणि लिहून ठेवलेल्या प्रसंगांवरून ब्रँडन सँडरसननं २००९ ते २०१३ मध्ये पूर्ण केले.

मानेवाडा_मुक्काम

शांतिपर्वाचं उत्तर मिळालं, आभार. मी अजून सहाव्यावर आहे, तरी सगळं वाचलं आणि काही बिघडलं असं वाटत नाही. रविवारच्या बैठकीला बाहेरचा आलेला चालतो का?

प्रतापनगर_वाचक

अवश्य या. सकाळी आठला. या रविवारी विषय अकरावा भाग आहे, पण तुमच्यासाठी आधी सहाव्यातल्या ड्युमाइज वेल्सच्या लढाईवर बोलू. तिथवर पोचला असाल तर सांगा, नसाल तर वाचून या. माझ्याकडे सातव्याची जादा प्रत आहे, ती घेऊन येतो.